हळदीची प्रॉपर्टी, माझी प्रॉपर्टी

परवा आमच्या ॲपची मराठी आवृत्ती तपासत बसलो होतो. फाईलवर राईट क्लिक केलं की मेनू उघडतो... उघडा, कॉपी करा, हटवा आणि सगळ्यात खाली 'मालमत्ता'! तीन पानांच्या पीडीएफची कसली आलीये मालमत्ता? क्षणभर वाटलं, आता सातबारा उघडणार. भाषांतर यंत्राने केलेलं होतं. 'प्रॉपर्टीज'ला तिथे 'गुणधर्म' हवं होतं. दोन मिनिटांत दुरुस्त केलं, पण शब्द काही डोक्यातून जाईना.

शाळेत पाण्याचे गुणधर्म पाठ केले, इंजिनिअरिंगला त्यांच्याच प्रॉपर्टीज झाल्या. पुरुषोत्तमच्या तालमीत 'प्रॉपर्टी सांभाळ' म्हणजे कंदील, काठी आणि ट्रंक विंगेत जागेवर ठेव. नोकरीत ऑब्जेक्टला प्रॉपर्टीज आल्या. आणि घरी 'प्रॉपर्टीचं काय ठरलं?' असं कुणी विचारलं की सगळे एकदम गप्प! एकच शब्द, पण दर ठिकाणी वेगळा.

मूळ लॅटिनमधलं. 'प्रोप्रिउस' म्हणजे स्वतःचं. जे माझ्यात आहे तेही माझं आणि जे माझ्याकडे आहे तेही माझंच. फ्रेंचमार्गे हा शब्द इंग्रजीत आला आणि आधी गुणधर्म याच अर्थाने जास्त रुळला. जमीनजुमला हा आज चटकन आठवणारा अर्थ सर्रास वापरात आला तो सतराव्या शतकात. इंग्रजांना हसायचं कारण नाही, कारण संस्कृतातल्या 'स्व'नेही हेच केलंय. स्वभावातला 'स्व' आतला आणि सर्वस्वातला 'स्व' चक्क धनदौलत. पण रोजच्या मराठीत आपण दोन खाती वेगळी ठेवली: गुणधर्म आणि मालमत्ता. मला हा आपला मोठा फायदा वाटतो.

कसा, ते सांगतो. १९९५ साली अमेरिकेत मिसिसिपी विद्यापीठाच्या मेडिकल सेंटरला एक पेटंट मिळालं. कशाचं? जखम भरून येण्यासाठी हळद वापरण्याचं! आपल्याकडे पोराचा गुडघा फुटला की आजी पहिल्यांदा स्वयंपाकघरात धावते ती कशासाठी? डॉ. रघुनाथ माशेलकर तेव्हा सीएसआयआरचे प्रमुख होते. सीएसआयआरने पेटंटला आव्हान दिलं आणि पुरावे म्हणून जुने संस्कृत ग्रंथ, १९५३ साली इंडियन मेडिकल असोसिएशनच्या जर्नलमध्ये छापून आलेला लेख, असं बरंच काही पुढे ठेवलं. यात नवीन काहीच नाही, हे सिद्ध झालं आणि १९९७मध्ये पेटंट रद्द ठरलं.

हे सगळं एका शब्दामुळे घडलं असं मी म्हणत नाही. पेटंटचे कायदे त्याहून बरेच गुंतागुंतीचे असतात. पण शब्द एकच असला की एका अर्थावरून दुसऱ्या अर्थावर घसरलेलं कळत नाही, एवढं नक्की. हीलिंग ही हळदीची प्रॉपर्टी, मग ती इंटलेक्च्युअल प्रॉपर्टी... ऐकायला किती सरळ वाटतं! आता मराठीत म्हणून बघा: 'हळदीचा गुणधर्म ही माझी मालमत्ता आहे.' लगेच दाताखाली खडा येतो की नाही?

हाच खडा मला हल्ली 'डेटा' हा शब्द ऐकला की लागतो. आमच्या कोडमध्ये ग्राहक हा एक ऑब्जेक्ट. नाव, जन्मतारीख, रक्तगट या त्याच्या प्रॉपर्टीज. मीटिंगमध्ये हाच सगळा ऐवज बघता बघता कंपनीची 'ॲसेट' होतो. त्यावर काही मंडळी तावातावाने म्हणतात, 'माझा डेटा माझी प्रॉपर्टी आहे, वापरायचा तर पैसे मोजा!' ऐकायला बाणेदार वाटतं. मीही काही वर्षं असंच म्हणायचो. आता पटत नाही.

का? फ्लॅट विकला की किल्ल्या देऊन मी बाहेर पडतो, व्यवहार संपला. रक्तातली साखर किती हे विकलं तरी रक्त माझ्याच अंगात राहतं. उद्या त्या आकड्यावरून कुणी माझ्या विम्याचा हप्ता वाढवला तर तो मीच भरणार. विकूनही जे सुटत नाही त्याला मालमत्ता कसं म्हणायचं?

आणि मालमत्ता म्हणून हक्क मागण्यात एक तोटाही आहे. आपल्या राज्यघटनेत मालमत्तेचा हक्क मूलभूत हक्क राहिलेला नाही. १९७८च्या ४४व्या घटनादुरुस्तीने तो तिथून उचलून ३००-अ कलमात ठेवला. उलट २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी एकमताने सांगितलं की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे आणि तो जगण्याच्या व स्वातंत्र्याच्या २१व्या कलमातच अंतर्भूत आहे. त्यालाही मर्यादा आहेत, पण सरकारला त्या घालायच्या तर कडक कसोटी लागते. मग आपण होऊन वरच्या मजल्यावरून खाली का उतरायचं?

मला विचाराल तर माझी माहिती हा माझा गुणधर्म आहे. ती वापरायला मी परवानगी देऊ शकतो, ती परत घेऊ शकतो. पण खरेदीखत करून देऊ शकत नाही.

असो. मेनूतला शब्द दुरुस्त झालाय. सोमवारी ऑफिसात गेलो की ग्राहकांचा तक्ता उघडायचाय. त्यातल्या किती रकान्यांची आपल्याला खरंच गरज आहे, ते एकदा मोजून बघतो. तुम्हीही बघा.