खारबांधाचा खर्च कोणी सोसावा?

मृग जवळ आला म्हणजे मालवण किनाऱ्यावरील शेतकऱ्यास एकाच वेळी दोन पाण्यांची चिंता लागते. एक पाणी डोंगरावरून व्हाळावाटे मळ्यात उतरते व दुसरे भरतीबरोबर खाडीतून वर चढते. गड नदीच्या कालावल खाडीच्या काठी काय, कर्लीच्या काठी काय, किंवा आचऱ्याच्या खाडीलगत काय, सखल कुणग्यांचे भवितव्य ह्या दोन पाण्यांमध्ये उभ्या असलेल्या एका मातीच्या बांधावर आणि त्यातील उघाडीच्या झडपांवर अवलंबून असते. ओहोटी लागली की आतील पाण्याच्या दाबाने झडप उघडावी व पावसाचे पाणी खाडीत निघून जावे. भरती आली की बाहेरच्या दाबाने ती मिटावी व खारे पाणी बाहेरच राहावे, इतकी ही साधी योजना आहे. परंतु अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणास आणि मुसळधार पावसास एकच मुहूर्त लाभला म्हणजे झडप बराच वेळ मिटलेली राहते, आत पाणी तुंबते, आणि बांधाची खरी परीक्षा तेव्हाच होते. जेथे वर्षास सरासरी सुमारे 3,000 मिलिमीटर पाऊस पडतो, तेथे ही परीक्षा दरसाल ठरलेली आहे.

बांध कसा घालावा हे आमच्या लोकांस शिकविण्याची गरज नाही. प्रश्न आहे तो घातलेला बांध राखावा कोणी आणि त्याचा खर्च सोसावा कोणी, हा. आमचे असे स्पष्ट मत आहे की, बांध फुटतात ते बहुधा मोठ्या रकमेच्या अभावी नव्हे, तर लहान परंतु कायमच्या निधीच्या अभावी आणि त्याविषयी जबाबदार अशा माणसाच्या अभावी फुटतात. कुर्लीने पाडलेले बीळ एका माणसाने एका सकाळी चिखलाने बुजविता येते. तेच बीळ दोन उधाणे तसेच राहिले तर त्याची वाट होते, आणि वाटेचे भगदाड होण्यास एक रात्र पुरते. मग अर्ज, पाहणी, अंदाजपत्रक, मंजुरी व निविदा ही मालिका सुरू होते. कागद आपल्या गतीने चालतो. समुद्र मात्र दिवसातून दोन वेळा येतो. एकदा खारे पाणी मळ्यात बसले म्हणजे जमिनीतील क्षार धुऊन निघण्यास दोनतीन पावसाळे सहज जातात, आणि तोपर्यंत जवळच्या विहिरीही मचूळ होतात.

ही व्यवस्था पूर्वी कशी चालत असे, हे पाहण्यासारखे आहे. उत्तरेस जुन्या कुलाबा जिल्ह्यात, म्हणजे आजच्या रायगडात, शिलोत्री नावाची पद्धत होती. जो शिलोत्रीदार बाहेरचा मोठा बांध घाली व राखी, त्यास आतील शेतकरी बिघ्यामागे ठराविक भात देत. आतील मेरा मात्र ज्याच्या त्याने राखावयाच्या. त्याच पट्ट्यात गावकऱ्यांनी एकत्र येऊन अंगमेहनतीने बांध दुरुस्त करण्याची रीत ‘जोळ’ ह्या नावाने परिचित होती. ह्या पद्धतींत दोषही होते व शिलोत्रीदाराची अरेरावीही असे. पण दोन गोष्टी पक्क्या होत्या. बांधाचा खर्च जमिनीवर बसविलेला होता, आणि बांध फुटला तर कोणाच्या दारी जावयाचे हे प्रत्येकास ठाऊक होते.

पुढे 1948 साली मुंबई सरकारने खारजमिनींचा कायदा केला, आणि 1979 साली महाराष्ट्राचा खारजमीन विकास कायदा झाला. मोठे बांध सरकारी देखरेखीखाली आले, हे योग्यच झाले. दगडी अस्तरीकरण व पक्क्या उघाड्या ही कामे एकट्या गावाच्या आवाक्यातील नव्हेत. परंतु त्याबरोबर एक हानीही झाली. ‘बांध आपला’ ही भावना गेली व ‘बांध सरकारचा’ ही भावना आली. बिळे बुजविणारा, झडपेत अडकलेला ओंडका काढणारा, उधाणाच्या रात्री कंदील घेऊन बांधावर फेरी मारणारा असा माणूस कोणत्याच हिशेबात उरला नाही.

आमच्या दक्षिणेस, तेरेखोलपलीकडे गोव्यात, ह्याच प्रश्नाचा इतिहास अधिक बोधप्रद आहे. तेथील खाजणे सुमारे 18,000 हेक्टर मानली जातात, आणि ती शतकानुशतके गावकऱ्यांच्या संस्थांनी, म्हणजे पुढे ज्यांस कोमुनिदाद म्हटले गेले त्यांनी, राखली. ह्या संस्थांचे नियम 1904, 1933 व 1961 साली संहितेत बांधले गेले. बांधाची देखरेख करण्यास पगारी माणूस असे. उघाडीस तेथे मानस म्हणतात. मानशीपाशी जी मासळी मिळे, तिच्या हक्काचा लिलाव होई, आणि ते उत्पन्न संस्थेच्या तिजोरीत जाई. म्हणजे भाताच्या रक्षणासाठी जो दरवाजा केला, तोच मासळीच्या रूपाने स्वतःच्या दुरुस्तीचा खर्चही काढून देई.

पुढे 1964 च्या कूळकायद्याने व 1976 च्या दुरुस्तीने जमीन कसणाराकडे आली. हा न्याय व्हावयासच हवा होता. बांधांच्या सामाईक जबाबदारीसाठी कुळांचे संघ स्थापण्याचे नियम 1975 साली करण्यात आले. परंतु अनेक ठिकाणी असे घडले की, मानशीच्या लिलावाची रक्कम भाताच्या उत्पन्नापेक्षा मोठी दिसू लागली. लिलाव घेणारास खारे पाणी आत आलेले हवे, कारण त्याबरोबर मासळी व कोळंबी येते. शेतकऱ्यास ते नको. जेथे झडपेची किल्ली लिलाव घेणाराच्या हाती गेली, तेथे कोरगुटासारखे खारे सोसणारे भातही टिकेना आणि मळे पडीक पडले. ह्यातून आम्ही एकच धडा घेतो: मासळीचे उत्पन्न बांधास जरूर मिळावे, परंतु झडप केव्हा उघडावी व केव्हा मिटावी हे ठरविण्याचा अधिकार भात पिकविणारांच्या संस्थेकडेच राहावा.

दूर हॉलंडचा दाखला हल्ली वारंवार दिला जातो, तेव्हा त्यातील मुद्द्याची गोष्ट सांगितली पाहिजे. त्या देशात पाणी राखणारी स्वतंत्र मंडळे तेराव्या शतकापासून आहेत. त्यांस स्वतःचा कर बसविण्याचा अधिकार आहे, आणि तो कर दुसऱ्या कामाकडे वळविता येत नाही. जुन्या काळी ज्यास आपल्या वाट्याचा बांध राखवत नसे, त्याने बांधात फावडे रोवून जमीन सोडावी, असा कडक रिवाज होता. 1953 च्या फेब्रुवारीत समुद्राने बांध फोडून 1,800 हून अधिक माणसे बळी घेतली. त्यानंतर मोठी कामे सरकारने केली. विखुरलेली शेकडो लहान मंडळे एकत्र करून आज त्यांची संख्या 21 वर आणली आहे, परंतु मंडळे मोडली नाहीत आणि त्यांचा कर थांबविला नाही. मोठे काम सरकारचे व नित्याची राखण जमीनधारकांची, ही वाटणी त्यांनी सोडली नाही.

आता आपल्याकडे काय करता येईल? प्रत्येक बांधाखालील जमीनधारकांनी त्या बांधापुरती एक समिती करावी व गुंठ्यामागे वार्षिक पट्टी ठरवावी. उदाहरणादाखल असे धरू की, एका बांधाखाली 100 एकर, म्हणजे 4,000 गुंठे जमीन आहे. गुंठ्यास 15 रुपये पट्टी घेतल्यास वर्षाचे 60,000 रुपये जमतात. दहा गुंठे असणारावर 150 रुपयांचा भार पडतो. त्यातून पावसाळ्याचे चार महिने दरमहा 5,000 रुपये व उरलेल्या काळात उधाणापुरते मिळून 10,000 रुपये देऊन एक राखणदार ठेविता येईल. बाकीचे 30,000 रुपये चिखल, जांभा दगड व झडपांच्या फळ्या ह्यांसाठी बँकेत राहतील. ज्या वर्षी खर्च होणार नाही, त्या वर्षीची शिल्लक पुढील वाईट वर्षासाठी ठेवावी. मे 2021 मधील तौक्ते वादळाने मृगाची वाट पाहिली नव्हती, हे आपण विसरू नये.

ह्यावर काही आक्षेप येतील. पहिला असा की, बांध सरकारी आहे, मग आम्ही पैसे का द्यावे? उत्तर असे की, पट्टी सरकारचा भार हलका करण्यासाठी नसून आपले भात वाचविण्यासाठी आहे. मोठ्या दुरुस्तीची मागणी सरकारकडे करावीच, आणि हिशेबाची वही हाती असलेल्या संस्थेची मागणी अधिक वजनदार ठरते. दुसरा आक्षेप असा की, सात-बारावर दहा नावे असतात व त्यांतील आठ मुंबईस असतात. ह्यास्तव पट्टी माणसावर न बसविता जमिनीवर बसवावी. कसणारा असो वा नसो, मळा पडीक असो वा पिकता, गुंठे मोजून रक्कम यावी. ज्या मुंबईकर बंधूंची वर्गणी देवळाच्या जीर्णोद्धारास वेळेवर येते, ती बांधासही येईल, फक्त ती मागणारा व पावती देणारा कोणी हवा. आंगणेवाडीच्या श्रीभराडी देवीच्या जत्रेस येणाऱ्या अफाट समुदायाची व्यवस्था ज्या मुलखात गावकरी पुढाकार घेऊन पाहतात, त्या मुलखास एका उघाडीची व्यवस्था जमणार नाही असे कोण म्हणेल?

तिसरी गोष्ट आक्षेप नव्हे, न्यायाची आहे. बांधाचा लाभ केवळ भातास होत नाही. त्याच्या आडोशास विहिरी गोड राहतात, रस्ता टिकतो, घरे राहतात, आणि आता पर्यटकांची निवासस्थानेही उभी राहिली आहेत. ज्याने सखल जागेत भर टाकून इमारत बांधली, त्याने व्हाळाचे पाणी शेजाऱ्याच्या मळ्यात ढकललेले असते. अशांनीही बांधाच्या निधीस लाभाच्या व उपद्रवाच्या प्रमाणात हातभार लावावा, आणि ग्रामपंचायतीने व्हाळ बुजवू देऊ नये. बांधाबाहेरील कांदळवनही राखले पाहिजे. लाटेचा पहिला मार तेच सोसते, आणि त्यावर कुऱ्हाड चालविण्यास 2018 साली मुंबई उच्च न्यायालयाने बंदी केली आहे.

सिंचनाच्या पाण्यासाठी शेतकऱ्यांच्या संस्थांस 2005 च्या कायद्याने अधिकार दिले गेले. खारे पाणी बाहेर ठेवणाऱ्या शेतकऱ्यांच्या संस्थांसही तसेच अधिकार मिळावेत व त्यांची पट्टी कायदेशीर वसुलीस पात्र ठरावी, अशी मागणी आम्ही करतो. पण कायद्याची वाट पाहत बसावे, असे आमचे म्हणणे नाही. वैशाखात, मुंबईकर मंडळी गावी असतानाच, प्रत्येक बांधाखालील जमीनधारकांनी एक दिवस बांधावर जमावे, बिळे व झडपा स्वतः पाहाव्यात, गुंठे मोजावेत, राखणदार नेमावा व वही उघडावी. पहिल्या वर्षी निम्म्यांनीच पट्टी दिली तरी हरकत नाही. ती वही गावाच्या चावडीत सर्वांस वाचून दाखवावी, म्हणजे दुसऱ्या वर्षी उरलेले आपण होऊन देतील.