घायपात : वाख आमचा, रस कुणाचा?



कंधार-मुखेडच्या माळावर आणि अहमदपूर-जळकोटच्या उतारांवर बांधाला घायपात उभे आहे. कुणी त्याला केकताड म्हणते. गुरे अडवायला आपण ते लावले. पाने कुजवून, ठेचून त्याचा वाख काढायचा आणि मातंग समाजातल्या कारागिरांनी कासरे, दावी, मोटेचे नाडे वळायचे. नायलॉनचा दोर आला आणि तो धंदा बसला.

आता हेच झाड 'उद्योगाचे पीक' म्हणून सांगितले जाते. त्यात तथ्य आहे. घायपात पानांची छिद्रे दिवसा मिटते, रात्री उघडते. म्हणून कपाशी माना टाकते तिथे ते तग धरते. पण १०० किलो ओल्या पानांतून वाख निघतो जेमतेम ३-४ किलो. बाकीचा रस आणि चोथा फेकला जातो. त्याच रसातल्या हेकोजेनिनपासून स्टेरॉइड औषधे बनवता येतात. टांझानियात हाले येथे चोथ्यापासून गॅस आणि वीज करण्याचा प्रकल्प उभा राहिला. मेक्सिकोत गाभ्यातली साखर आंबवून टकीला करतात. तशीच दारू डेस्मंड नाझरेथ यांच्या चित्तूर जिल्ह्यातल्या कारखान्याने दख्खनच्या घायपातापासून काढली आणि २०११ साली गोव्याच्या बाजारात आणली.

म्हणजे खरा पैसा वाखापेक्षा रसात आणि गाभ्यात. आणि यंत्र ज्याच्या दारात, पैसा त्याच्या घरात. कापूस आपण पिकवतो. सूत आणि कापड दुसऱ्याच्या हिशेबात जाते. घायपाताचेही तेच होणार का?

शिवाय दारूसाठी गाभा काढला की झाड संपले. तो तयार व्हायला आठ-दहा वर्षे लागतात. तोवर शेतकऱ्याने खायचे काय? २००३ नंतर रतनजोतीचेही असेच वारे सुटले होते. रोपे लागली, बियांना गिऱ्हाईक लागले नाही.

म्हणून बैठकीपुढे तीन गोष्टी ठेवतो. एक, ज्वारी-कापसाचे रान मोडून घायपात लावू नका. बांध आणि पडीक माळ पुरेत. दोन, रोपे विकायला येणाऱ्याकडून माल घेण्याचा भाव आधी कागदावर लिहून घ्या. पिले तर आपल्या बांधावर फुकट फुटतात. तीन, वाख काढायचे यंत्र गावाच्या मालकीचे हवे आणि दोर वळणारा कारागीर त्यात भागीदार हवा.

पुढच्या बैठकीला येताना आपल्या शिवारात घायपाताची किती झाडे उभी आहेत, त्याची मोजदाद प्रत्येक गावाने आणावी. सौदा करायचा तर आपला माल आधी आपल्याला ठाऊक हवा.