पाड्यावर न पोहोचलेली यादी

दिवाळी अंकातला परदेश बहुतेक वेळा न्यू जर्सीचा किंवा लंडनचा असतो. बोईसरला आणि तारापूरच्या अणुऊर्जा वसाहतीतही अशी घरे आता पुष्कळ आहेत, जिथे लक्ष्मीपूजनाला मुलगा फोनच्या पडद्यावरून हात जोडतो. त्या घरांचे एकटेपण खरेच आहे. पण आपल्या पालघर जिल्ह्याचा आणखी एक परदेश आहे आणि त्याबद्दल आपण फार कमी लिहिले आहे. तो म्हणजे कराचीतला मलीरचा तुरुंग.

डहाणू-तलासरीच्या पाड्यांवरची आदिवासी माणसे पावसाळा सरत आला की ओखा, पोरबंदर, वेरावळच्या बोटींवर खलाशी म्हणून जातात. शेती पावसावरची, एका पिकाची. वर्ष निघत नाही. उचल घेतलेली असते, म्हणून कापणी घरच्यांवर टाकून निघावे लागते. ज्यांच्या जिल्ह्यात तारापूर एमआयडीसी आहे, त्यांनी पोटासाठी सौराष्ट्र गाठावे, याची मला मनापासून खंत वाटते.

भारत-पाकिस्तानमधला सर क्रीक या खाडीचा वाद सुटलेला नाही, त्यामुळे तिथून पुढची समुद्रातली हद्दही दोन्ही देशांनी मिळून आखलेली नाही. बोट कुठे न्यायची ते बोटीचा प्रमुख, म्हणजे तांडेल ठरवतो. जाळे ओढणाऱ्या खलाशाला कोण विचारतो? पाकिस्तानच्या सागरी सुरक्षा दलाने बोट धरली की तुरुंगात मात्र सगळेच जातात.

2008 च्या करारानुसार दरवर्षी 1 जानेवारीला आणि 1 जुलैला दोन्ही देश एकमेकांना कैद्यांच्या याद्या देतात. 1 जुलै 2025 च्या यादीत पाकिस्तानने 193 मच्छीमार दाखवले. शिक्षा भोगून झालेल्या 159 भारतीय मच्छीमारांना आणि इतर कैद्यांना लवकर सोडा, असे भारताने त्याच दिवशी सांगितले. शिक्षा संपली आणि राष्ट्रीयत्वाची खात्री पटली की महिन्याभरात सुटका, असे त्याच करारात लिहिलेले आहे. तरी माणसे आतच राहतात. मार्च 2024 मध्ये डहाणू तालुक्यातल्या एका खलाशाचा कराचीच्या तुरुंगात मृत्यू झाला आणि त्याचा देह घरी यायला महिना उलटून गेला. महिनाभर त्या घराने काय सोसले असेल, हे लिहायला माझ्याजवळ शब्द नाहीत.

पूर्वी तुरुंगातून कधीमधी पत्र यायचे. मे 2025 पासून पाकिस्तानशी टपालही बंद आहे. अमेरिकेतल्या मुलाचा फोन एक दिवस आला नाही तर आपला जीव खालीवर होतो. इथे माणूस आहे की नाही, हेच महिनोन्‌महिने कळत नाही. बोट गुजरातची, घर महाराष्ट्रातले, तुरुंग पाकिस्तानातला. मग खलाशाच्या घरच्या बाईने विचारायला जायचे कुणाकडे?

दोन देशांमधले वैर मिटवणे पालघरच्या हातात नाही. पण यादी घरापर्यंत पोहोचवणे नक्कीच आहे. कोळगावच्या जिल्हा मुख्यालयाने वर्षातून दोनदा आपल्या खलाशांची नावे मिळवावीत आणि तलाठ्याने, ग्रामसेवकाने ती पाड्यावर जाऊन घरच्यांना सांगावीत. राष्ट्रीयत्वाच्या खात्रीचा कागद आपल्या पोलीस ठाण्यात एक दिवसही अडकू नये. बोटीवर जाणाऱ्या प्रत्येकाची नोंद, बोटीच्या क्रमांकासकट, निघण्याआधी ग्रामपंचायतीत व्हावी. आमच्या वाचकांत शिक्षक, वकील, पंचायतीचे सदस्य आहेत. त्यांनी हे काम अंगावर घ्यावे, ही कळकळीची विनंती. पुढची यादी ठरल्या दिवशी येईलच.