खोडलेली ओळ

लक्ष्मीपूजनाच्या सायंकाळी भोपाळच्या चौकबाजारातील पेढ्यांवर नव्या वह्या उघडतात, कोऱ्या पानावर कुंकवाचे स्वस्तिक उमटते आणि गेल्या सालाचा जमाखर्च मिटून नव्या सालाची रोजकीर्द सुरू होते. हा देखावा आम्ही लहानपणापासून पाहत आलो म्हणून असेल, पण या अंकाचे संपादकीय लिहावयास बसलो म्हणजे आमच्या मातोश्रींची लाल कापडी पुठ्ठ्याची चोपडी हटकून आठवते.

1 नोव्हेंबर 1956 रोजी राजधानीचा मान नागपूरकडून भोपाळकडे आला आणि सचिवालयाच्या दफ्तरांमागोमाग जी मराठी कारकुनांची बिऱ्हाडे इकडे आली, त्यांत आमचे एक होते. तात्या टोपे नगरात सरकारी क्वार्टर मिळाले. मातोश्री अहमदनगरच्या ख्रिस्ती घराण्यातल्या, 1842 पासूनच्या ‘ज्ञानोदय’ नियतकालिकावर वाढलेल्या. नगरकडील मंडळीत जिला उपकारस्तुती म्हणतात, ती त्यांच्या लेखी रविवारच्या उपासनेपुरती नव्हती. वर्षाच्या अखेरच्या रात्री मंडळीतून साक्षी ऐकून परतल्यावर त्या स्वयंपाकघरात पाटावर बसत आणि देवाने वर्षभरात काय काय केले ते बोरूसारख्या जाड टाकाने नोंदवीत. ‘धाकट्याचा ताप उतरला.’ ‘बदलीचा हुकूम रद्द.’ ‘जाऊबाईंशी बोलणे झाले.’ एकाही नोंदीत विशेषण नसे.

त्या चोपडीतील 31 डिसेंबर 1984 चे पान मात्र निराळे आहे. पहिली ओळ अशी: ‘वारा आमच्याकडे वळला नाही. वाचलो. उपकार.’ आणि त्या ओळीवर, तितक्याच सरळ हाताने, काट मारलेली आहे.

त्या साली 2 डिसेंबरच्या मध्यरात्री शहरातील कीटकनाशकांच्या कारखान्याच्या टाकीतून सुमारे 40 टन विषारी वायू बाहेर पडला आणि वाऱ्याने तो जुन्या शहरावर, रेल्वे स्थानकावर, निजलेल्या वस्त्यांवर लोटला. आमचे घर त्याच्या वाटेत नव्हते, इतकेच. आता, आपण वाचलो याबद्दल देवाचे आभार मानणे यात गैर ते काय, असे कोणीही म्हणेल. आम्हीही त्या वेळी म्हणालो. मातोश्रींनी उत्तर दिले नाही. पुढे पुष्कळ वर्षांनी आमच्या ध्यानात आले की ज्या वाऱ्याने आम्हांस सोडले तोच दुसऱ्याच्या दारी गेला होता, आणि त्या वाऱ्याला देवाचा हस्तक म्हणण्यास त्यांची लेखणी राजी झाली नव्हती. कृतज्ञ म्हणजे केलेले जाणणारा. कोणी काय केले याची शहानिशा न करता घाईने मानलेले उपकार हे देवावर घेतलेले आळ ठरू शकतात, हे त्या मॅट्रिकही न झालेल्या बाईला उमगले होते, असे आम्ही पूर्ण विचारान्ती लिहीत आहो.

पवित्र शास्त्रातील विलापगीत हे पाच कवितांचे लहानसे पुस्तक आहे. यरुशलेम उद्ध्वस्त झाले आहे, रस्त्यांत मुले भुकेने कोसळत आहेत, आणि अशा आक्रोशाच्या ऐन मध्यभागी, तिसऱ्या कवितेत, कवीला देवाच्या दयेचे स्मरण होते, ती प्रतिदिनी प्रभाती नवी असते असे तो म्हणतो. परंतु पुस्तक तेथे संपत नाही. पुढे आणखी दोन कविता विलापाच्याच आहेत. स्मरणाने गाऱ्हाणे मिटलेले नाही, आणि गाऱ्हाण्याने स्मरण पुसलेले नाही. त्या कारखान्याच्या आवारातील सुमारे 337 टन विषारी कचरा 2025 च्या आरंभी, चाळीस वर्षे उलटल्यावर, पिथमपुरास हलविला गेला. तोवर, आणि त्यानंतरही, भोपाळला रडण्याचा हक्क आहे, आणि तो हक्क सोडून दिल्यावाचून देवाचा विश्वासूपणा आठवता येतो, अशी आमची श्रद्धा आहे.

येथे पंडिता रमाबाईंचे स्मरण होते. 1870 नंतरच्या दुष्काळात आईवडील आणि मागोमाग थोरली बहीण गमावलेल्या, पायी भारत तुडविलेल्या या विदुषीने 1907 साली इंग्रजीत आपली साक्ष प्रसिद्ध केली. ती देवाच्या अक्षय भांडाराबद्दल आहे, आणि तरीही तीत आपल्या उपासमारीचे दिवस त्यांनी झाकून ठेवलेले नाहीत. किंबहुना, त्याच दिवसांच्या आठवणीने त्यांना 1896-97 च्या दुष्काळात मध्यप्रांतात आणले. मध्यप्रांत म्हणजे परका मुलूख नव्हे. तेव्हा भोपाळ संस्थानची हद्द संपून नर्मदा ओलांडली की पैलतीरी होशंगाबाद लागे, म्हणजे तोच प्रांत. तेथून त्यांनी शेकडो अनाथ मुली महाराष्ट्रात नेल्या, केडगावच्या मुक्ती मिशनात त्यांना अन्न, अक्षर आणि धंदा दिला. हिब्रू-ग्रीकवरून त्यांनी केलेले मराठी बायबल त्यांच्या पश्चात, 1924 साली, मुक्तीच्याच छापखान्यात छापले गेले. रमाबाईंची कृतज्ञता आगगाडीत बसून दुष्काळी मुलखात गेली होती, यावाचून तिचे दुसरे वर्णन आम्हांस करता येत नाही.

मातोश्रींच्या त्या पानावर खोडलेल्या ओळीखाली हमीदिया इस्पितळातील फेरीच्या पुढील नोंदी आहेत: ‘हमीदिया. चहा, दोन किटल्या. धुतलेली फडकी बारा. छोल्याची मुलगी, डोळे. शनिवारी पुन्हा जाणे.’ ही छोला वस्तीतली मुलगी पुढल्या प्रत्येक सालाच्या पानावर भेटते. ‘मुलीला चष्मा.’ ‘मुलगी आठवी पास.’ ‘मुलीचा दम या थंडीत कमी.’ ‘मुलीचे लग्न, ईदनंतर.’ आमच्या स्वतःच्या बढतीची नोंद त्यांत एका ओळीची आहे, तिच्या चष्म्याची तीन ओळींची. हळूहळू अक्षर थरथरते, ओळी उतरत्या होतात, आणि अखेरच्या पानावर, जेथे मातोश्रींना टाक धरवत नव्हता हे उघड दिसते, तेथे एवढेच लिहिले आहे: ‘मुलगी आली होती. माझे डोळे तिने पुसले.’