विहिरीचा कागद

ज्यांनी बालपणी अमरकोश मुखोद्गत केला असेल, त्या वाचकांस त्यातील मांडणी ठाऊक असेलच. अमरसिंहाने शब्द वर्णानुक्रमाने लाविले नाहीत. स्वर्गवर्ग, कालवर्ग, वनौषधिवर्ग असे वर्ग पाडून एकेका वस्तूची सर्व नावे त्याने एकत्र बसविली. शब्द शोधण्यास पाने उलटावी लागत नसत; श्लोक म्हणू लागले की शेजारच्या शब्दाचा हात धरून हवा तो शब्द पुढे येई. उलट डॉ. केतकरांच्या ज्ञानकोशात लेख अकारविल्हे लाविलेले असूनही एक सबंध खंड केवळ सूचीस द्यावा लागला. आमच्या शेजारच्या वाईत, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या देखरेखीखाली, मराठी विश्वकोशाचा पहिला खंड 1976 साली सिद्ध झाला. तोच विश्वकोश आज आमची नात मोबाईलवर उघडते. खंड कोणता, पान कोणते, हे तिला ठाऊक असावे लागत नाही. यंत्र काही दर वेळी सारा ग्रंथ वाचीत नसते. कोणता शब्द कोठे आला आहे याची टिपणे त्याने आधीच करून ठेविलेली असतात. ही सोय फार मोठी आहे, आणि तिला सरसकट नावे ठेवणाऱ्या आमच्या समवयस्कांशी आमचे जुळत नाही.

म्हणूनच गेल्या वर्षी धाकट्या पुतण्याने घरच्या जुन्या कागदांची छायाचित्रे काढण्याची गोष्ट काढली, तेव्हा आम्ही तत्काळ रुकार दिला. कागद सात रुमालांत बांधलेले होते. त्याने महिनाभर खपून एकेकाचे चित्र घेतले, सालवार कप्पे केले आणि मूळ कागदही त्याच क्रमाने लावून ठेविले. "काका, आता गाठी सोडण्याचे कारणच उरले नाही," असे तो म्हणाला. आम्ही त्यास शाबासकी दिली, हे येथे कबूल केलेच पाहिजे.

चैत्रात चुलत घराण्याशी विहिरीच्या पाळीवरून बोलाचाली झाली. आमची पाळी तीन दिवसांची की दोन? आजोबांच्या वेळचा कागद होता खरा. पुतण्याने शोधाच्या चौकटीत 'विहीर' घातले, 'पाणी' घातले, 'पाळी' घातले, काही निघेना. निघणार कसे? कागद मोडीत, आणि त्याच्या यंत्राच्या लेखी ते केवळ एक चित्र. पुतण्यास मोडी येत नाही. आम्हांस येते, पण शेकडो चित्रे डोळ्यांखालून घालावयाची म्हणजे पुन्हा मूळ पदावर येणे झाले. वहिनींना विचारले. त्या म्हणाल्या, "मामंजी तो कागद थोरल्या बांधाच्या रुमालात, खरेदीखताच्या खाली ठेवीत." पण तो रुमाल तर आम्हीच मोडला होता! कोणता कागद कोणाखाली होता, हे सांगणारी खूण कोठेही उरली नव्हती.

दुपारी वहिनींना आणखी एक आठवले. मामंजी त्या कागदास 'विक्रम संवत्सरातला' म्हणत. आम्ही बोटांवर हिशेब केला: शके 1862, म्हणजे अठ्ठ्याहत्तर मिळवून इसवी सन 1940. त्या सालच्या कप्प्यात कागद नव्हता. मग एकदम उमगले, आणि पुतण्यास 1862 चा कप्पा उघडण्यास सांगितले. त्याने कागदावरील आकडा बरोबर वाचला होता. तो शकाचा आहे हे मात्र त्याच्या ध्यानी आले नव्हते. आजोबांचा कागद अठ्ठ्याहत्तर वर्षे मागे जाऊन बसला होता.

कागदात काय निघाले? पाळी तीन दिवसांची, परंतु वैशाखात दोनच. दोन्ही घरे आपापल्या परीने खरी होती. त्या रात्री चुलतबंधू आमच्या पंक्तीस जेवले.

यंत्रास दोष देण्यात अर्थ नाही. त्यास जेवढे सांगितले तेवढेच ते शोधणार. खरेदीखताशेजारी विहिरीचा कागद असणे ही देखील एक नोंदच होती. विहीर त्याच शेतात आहे, हे ती सांगत होती. आम्ही कागद जपले आणि ती नोंद पुसली.

आता दररोज चार वाजता वहिनी पडवीत बसतात. कोणता कागद कोणत्या रुमालात, कशाखाली होता ते त्या आठवून सांगतात, आम्ही मोडी वाचून विषय व शक सांगतो आणि पुतण्या ते चित्रापुढे लिहितो. वहिनींचे वय एक्याऐंशी. दोन रुमाल पुरे झाले आहेत, पाच राहिले आहेत. तिसऱ्यातील निम्मे कागद त्यांनाही आठवत नाहीत.