फेरियाले म्हणजे काय?

ओर्व्हिएतो स्टेशनबाहेर रविवारी सकाळी आम्ही दीड तास उभे होतो. जायचे होते डोंगरमाथ्यावरच्या चिविता दी बान्योरेज्योला. वेळापत्रकात बस होती, पुढे लिहिले होते 'फेरियाले'. इटालियनमध्ये 'फेरिए' म्हणजे सुट्टी, म्हणून आम्ही सोयीचा अर्थ लावला. निघाले उलटेच! फेरियाले म्हणजे कामाचे दिवस, शनिवार धरून. रविवार नि सणांसाठी शब्द 'फेस्तिवो'. वाचकांपैकी कुणी जाणार असेल तर एवढे दोन शब्द पाठ करा. आणि बसचे तिकीट आदल्या दिवशीच तंबाखूच्या दुकानातून घ्या.

अम्मींचे गुडघे आधीच दुखत होते. त्या काही बोलल्या नाहीत, तेच जास्त लागले.

स्टेशनासमोरून दोराने ओढली जाणारी गाडी थेट वर गावात जाते. १८८८ साली ती पाण्याच्या वजनावर चाले, आता विजेवर. वर उतरताच सेंट पॅट्रिकची विहीर. पोप सातवे क्लेमेंट यांनी १५२७ मध्ये खणायला घेतलेली, २४८ पायऱ्यांची. उतरायचा जिना वेगळा, चढायचा वेगळा. पाणी वाहणारी जनावरे समोरासमोर येऊच नयेत! आम्ही उतरलो, अम्मी वर बाकावर तसबीह घेऊन बसल्या.

सोमवारी बस आली. चिवितात मोटार जात नाही, लांबलचक पायी पूल, शेवटी उभा चढ. अम्मी निम्म्यात थांबल्या. "तुम्ही व्हा पुढे."

अर्ध्या तासाने वेशीच्या कमानीतून आल्या, धापा टाकत. पहिला प्रश्न: "परतीची बस कितीला? नीट वाचलंत ना?"