पाखरं बघा, पण डासांना चुकवा!



सुट्टीत कुठं जायचं ठरलंय? धाराशिव जिल्ह्यात राहत असाल तर पाखरं बघायला लांब जायला नको. नळदुर्गच्या किल्ल्यापाशी बोरी नदीचं अडवलेलं पाणी आहे, परंड्याकडे सीना-कोळेगाव धरण आहे, येडशीला रामलिंगचं अभयारण्य आहे. थंडी पडली की आपल्याकडच्या तळ्यांवर चक्रवाक उतरतात. काठच्या चिखलात शेकाट्या आपल्या लांबलचक गुलाबी पायांवर ऐटीत फिरत असतो.

पाखरं बघायची उत्तम वेळ कोणती? तांबडं फुटताना आणि दिवस मावळताना. पण बरं का, अ‍ॅनॉफेलिस डासाची मादी नेमकी संध्याकाळपासून पहाटेपर्यंतच चावते! दुर्बीण डोळ्यांना लावून आपण पाण्याकाठी पुतळ्यासारखे उभे राहतो. डासिणीला आणखी काय हवं? हिवताप, म्हणजेच मलेरिया, तिच्याच चाव्यातून पसरतो.

हे ठाऊक कसं झालं, त्याची गोष्ट मोठी छान आहे. २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबादला डॉ. रोनाल्ड रॉस यांना हिवतापाच्या रोग्याला चावलेल्या डासाच्या पोटात या रोगाचे जंतू दिसले. सिकंदराबाद तेव्हा हैदराबादच्या निजामाच्या राज्यात होतं, आणि आपला जिल्हाही त्याच राज्यात! पण जंतू डासातून पुढं जातात कसे? ते शोधायला १८९८ साली कलकत्त्यात रॉस यांच्या कामी आली ती पाखरं. पाखरांनाही त्यांचा वेगळा हिवताप होतो. तो माणसाला होत नाही, घाबरू नका. आजारी पाखराला चावलेला डास निरोगी चिमणीला चावला आणि ती आजारी पडली. कोडं सुटलं! १९०२ साली रॉस यांना नोबेल पारितोषिक मिळालं.

आता आपण काय करायचं ते पाहू. पूर्ण बाह्यांचा शर्ट, फुल पँट, पायांत मोजे. रंग फिका खाकी असला तर उत्तम. गडद रंगाकडे डास ओढले जातात आणि भडक रंगानं पाखरं बुजतात. उघड्या अंगाला डास पळवणारं मलम लावा, डोळे आणि तोंड सोडून. मुक्काम असेल तर मच्छरदाणी न्या आणि तिच्या कडा गादीखाली नीट खोचा.

घरीही लक्ष हवं. आपल्याकडे नळाला रोज पाणी येत नाही, म्हणून रांजण, हौद, बॅरल भरून ठेवावे लागतात. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात. तेव्हा आठवड्यातून एकदा भांडी रिकामी करून, घासून कोरडी करा आणि झाकून ठेवा. मोठ्या हौदात गप्पी मासे सोडा. डासांच्या अळ्या ते मटामट खातात.

एवढं करूनही थंडी वाजून ताप आलाच तर? अंगावर काढू नका. प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन रक्त तपासून घ्या. सहलीहून आल्यावर आठ-पंधरा दिवसांनी, कधी कधी काही महिन्यांनीसुद्धा ताप येऊ शकतो. म्हणून आपण कुठं गेलो होतो ते डॉक्टरांना आपणहून सांगा. आणि आईबाबांनो, हे तुमच्यासाठीही आहे : ताप उतरला म्हणून गोळ्या मध्येच सोडू नका. एका प्रकारच्या हिवतापाचे जंतू यकृतात दडून बसतात आणि पुन्हा डोकं वर काढतात. त्यांना संपवायला डॉक्टरांनी दिलेल्या सगळ्या गोळ्या घ्याव्याच लागतात.

पावसाच्या तोंडावर आफ्रिकेतून समुद्र ओलांडून आपल्याकडे चातक येतो. तुमच्यापैकी कुणी मोठेपणी उलट्या वाटेनं तिकडची पाखरं बघायला जाईल. तेव्हा ध्यानात ठेवा : जगातले बहुतेक हिवतापाचे रोगी आफ्रिकेत आहेत. तिकडे जाताना डॉक्टरांना विचारून प्रतिबंधक गोळ्या घ्याव्या लागतात. त्या निघण्याआधी सुरू करायच्या आणि परतल्यावरही सांगितलेले दिवस चालू ठेवायच्या. तिथल्या पुष्कळ देशांसाठी पीतज्वराची लस लागते, तीही निदान दहा दिवस आधी.

तिथं हिवतापानं दगावणाऱ्यांत सर्वांत जास्त पाच वर्षांच्या आतली बाळं असतात. त्यांच्यासाठी आता लस निघाली आहे. २०२३ साली जागतिक आरोग्य संघटनेनं शिफारस केलेली एक लस तर आपल्या पुण्यात तयार होते! चातक तिकडून पावसाची वर्दी घेऊन येतो, आणि आपल्याकडून तिकडच्या बाळांसाठी लस जाते. आहे की नाही झकास देवाणघेवाण?

चला तर मग, वही, पेन्सिल आणि दुर्बीण घ्या. आणि हो, मोजे विसरू नका!